जुन्नरची कुलुपे

ईदच्या सुट्टीत आम्ही जुन्नरला गेलो, ते दादाजींचे बंद घर उघडून झाडायला. गाव जुने. निजामशाही इथूनच उभी राहिली आणि इथल्या कागदी बांधवांचा जुन्नरी कागद पेशव्यांच्या दप्तरापर्यंत पोहोचला. आज आमच्या गल्लीत अकरा दारे आहेत, त्यातल्या पाचांना कुलूप.

बदली होऊन आलेली एक तरुण शिक्षिका महिनाभर दोन खोल्या शोधत होती. सगळीकडे एकच उत्तर, "खाली नाही." मालक मुंबई-पुण्यात. भाडेकरू बसला की उठत नाही, ही 1947 च्या भाडे कायद्यापासूनची धास्ती अजून मनात घर करून आहे. वास्तविक 1999 च्या कायद्याप्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा लेखी करार करून तो नोंदवला, तर मुदतीनंतर घर परत मिळवण्याची सोय आहे. हे ठाऊक असूनही आम्ही तिला नाहीच म्हणालो. करारावर सही कोण करणार? मिळकत पत्रिकेवर अजून दादाजींचे नाव आहे. त्यांचा इंतकाल होऊन 26 वर्षे झाली.

2011 च्या जनगणनेत देशभर सुमारे 2.47 कोटी घरे रिकामी आढळली. पुढच्याच वर्षी सरकारी तज्ज्ञगटाने फक्त शहरांत 1.88 कोटी घरांची टंचाई सांगितली. घरकुल योजना नवी घरे मोजते. कुलपामागच्या घराचे वारस कोण, त्यांच्या वाटण्या का अडल्या, हे कुणी विचारत नाही. आणि हे काम सरकारच्या आधी आपले आहे.

परतताना घोडेगावमार्गे मंचरला उतरलो. याच आंबेगाव तालुक्यात जुने आंबेगाव डिंभे धरणात बुडाले. 30 जुलै 2014 ला माळीणवर डोंगर कोसळून दीडशे माणसे गेली. वाचलेल्यांना नव्या घरांसाठी एप्रिल 2017 पर्यंत थांबावे लागले. अशा तालुक्यात, मंचरला एका भाड्याच्या खोलीत, आमच्या फुफी राहतात.

दादाजींना चार मुलगे, दोन मुली. दादी आधीच गेल्या होत्या. शरीअतच्या हिशेबाने दहा वाटे, त्यातला एक फुफींचा. घरात मात्र नेहमी म्हटले जाते, "बहिणींनी माफ केलंय." आम्ही वर्गात मुलांना अपूर्णांक शिकवतो, हा एक-दशांश कधी मांडला नाही. त्या दिवशी चहा घेताना तो मांडला.

फुफी म्हणाल्या, "माफ केलं का, हे मला कुणी विचारलंच कुठं?"

आम्हाला उत्तर सुचले नाही. चुलतभावांना काय लिहायचे, याचा मसुदा तिथेच त्यांच्यासमोर काढला. पहिली ओळ वारसनोंदीची, दुसरी त्यांच्या हिश्श्याची, तिसरी घर भाड्याने देण्याची. त्यांनी तो दोनदा वाचून घेतला.

"कौलं किती फुटलीत?"

"चौतीस." आम्ही मोजली होती.

"पावसाआधी बसवायला हवीत," असे म्हणून त्यांनी टेबलावरची किल्ली उचलली आणि पदराच्या टोकाला बांधली.