नऊ परगण्यांचा अल्स्टर

आयर्लंडचे जुने प्रांत चार. त्यांपैकी उत्तरेकडचा अल्स्टर. अल्स्टर म्हणजेच उत्तर आयर्लंड, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. अल्स्टरचे परगणे नऊ. १९२१ च्या फाळणीत सहा ब्रिटनकडे राहिले आणि डोनेगल, कॅव्हन व मोनाहन हे तीन दक्षिणेच्या राज्यात गेले. गंमत अशी, की साऱ्या बेटाचे उत्तर टोक डोनेगलात, म्हणजे 'दक्षिणेत' आहे!

या तिढ्याचे मूळ जमिनीत आहे. १६०७ साली येथील गेलिक सरदार देश सोडून गेले. इंग्रज राजसत्तेने त्यांच्या जमिनी जप्त केल्या आणि १६०९ पासून स्कॉटलंड-इंग्लंडमधून प्रोटेस्टंट लोक आणून वसविले. डेरी हे गाव लंडनच्या व्यापारी मंडळ्यांच्या हवाली झाले व १६१३ साली त्याचे नाव 'लंडनडेरी' पडले. आजही एक समाज डेरी म्हणतो, दुसरा लंडनडेरी. नाव उच्चारताच बोलणारा कोणत्या बाजूचा, याचा ऐकणारा अंदाज बांधतो.

आम्ही या शहराच्या तटावरून चाललो. सुमारे दीड किलोमीटरचा हा तट अजून अखंड आहे. १६८९ चा १०५ दिवसांचा वेढा त्याने सोसला. प्रोटेस्टंटांना तो आपल्या चिवटपणाची खूण वाटतो. खाली पाहिले की बॉगसाइड ही कॅथलिक कामगारांची वस्ती दिसते. भिंत एकच, वरच्याला आधार, खालच्याला पहारा.

१९६० च्या दशकात शहरात कॅथलिक बहुसंख्य होते, पण प्रभागांची आखणीच अशी, की नगरपालिकेत बहुमत युनियनिस्टांचे. शिवाय स्थानिक निवडणुकीत मत होते ते घर ज्याच्या नावावर त्याला व त्याच्या पत्नीला. पोटभाडेकरूला किंवा आईबापांच्या घरात राहणाऱ्या सज्ञान मुलाला मत नव्हते. घरे अडविली की मते आपोआप अडत. गरीब प्रोटेस्टंटही यात भरडला जाई. ५ ऑक्टोबर १९६८ रोजी नागरी हक्कांसाठी मोर्चा निघाला. पोलिसांनी लाठ्या चालविल्या. १९६९ च्या कायद्याने सर्व सज्ञानांना तो मताधिकार मिळाला, पण तोवर वणवा पेटला होता. ३० जानेवारी १९७२ रोजी बॉगसाइडमध्ये सैन्याने मोर्चेकऱ्यांवर गोळीबार केला. त्याच दिवशी १३ जण ठार झाले. मृतांच्या कुटुंबांनी पाठपुरावा सोडला नाही. ३८ वर्षांनी, २०१० साली, ब्रिटिश पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली.

१९९८ च्या शांतता कराराने एक मोलाची गोष्ट मान्य केली : उत्तर आयर्लंडच्या माणसाने स्वतःला आयरिश म्हणवावे, ब्रिटिश म्हणवावे, किंवा दोन्ही. २०११ मध्ये फॉईल नदीवर 'शांतता पूल' झाला. दोन्ही काठांचे लोक आता त्यावरून पायी ये-जा करतात.

आपण कोण, हे ज्याचे त्यानेच सांगायचे असते. पण तसे ताठ मानेने सांगता यावे म्हणून आधी डोक्यावर छप्पर आणि हाती मत असावे लागते. डेरीच्या लोकांनी मोर्चा काढला तो याच दोन गोष्टींसाठी.