खुराड्यावरचा वेल

कोंबड्या पाळणाऱ्या आणि परसबाग करणाऱ्या विदर्भातल्या घरांत उन्हाळा लागला की दोन तक्रारी ठरलेल्या. कोंबड्यांची तक्रार अशी की अंडी घटली, कवच पातळ झालं, कालपर्यंत धडधाकट असलेली एखादी भर दुपारी आडवी झाली. भाजीची अशी की टोमॅटोला फूल धरतं आणि गळतं, पालक वाढायच्या आधीच फुलावर जातो, दोन वेळा पाणी घालूनही वाफा संध्याकाळी कोरडा. दोन्हींवर उपायही वेगवेगळे सुचवले जातात, आणि पैसेही वेगवेगळे जातात. मी वर्ध्याकडे एकाच अंगणात दोन्ही करते. माझं मत असं झालं आहे की ही दोन दुखणी नाहीत, एकच आहे. कोंबड्यांना पत्रा आणि भाजीला शेडनेट असा दुहेरी खर्च करण्यापेक्षा खुराड्यावर वेलाचा मांडव चढवावा, आणि उन्हाळ्यापुरती बाकीची बाग त्या मांडवाच्या सोयीनं आखावी.

याचं कारण कोंबडीच्या शरीरात आहे. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचं तापमान मुळातच ४१ अंशांच्या आसपास, वरून पिसांचं पांघरूण. त्यामुळे पारा ४० च्या पुढे गेला की उष्णता बाहेर टाकायला मुख्यतः श्वासच उरतो. चोच उघडी, गळ्याखालची कातडी भराभर थरथरते आहे, पंख अंगापासून सुटे धरले आहेत, हे चित्र मे महिन्यात दुपारी बारानंतर कुठल्याही खुराड्यात दिसतं. या धापेबरोबर पाण्याची वाफ जाते, तसा कार्बन डायऑक्साइडही प्रमाणाबाहेर निघून जातो. त्यानं रक्तातलं बायकार्बोनेट घटतं, आणि अंड्याचं कवच तर जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेटचं. म्हणजे उन्हाळ्यातलं पातळ कवच नेहमीच चुन्याच्या कमतरतेनं येत नाही. चुना असूनही त्याचं कवच होत नाही. शिंपल्यांचा चुरा द्यावाच, पण धाप थांबल्याशिवाय त्याचा पुरता उपयोग नाही. खाणं पचतानाही अंगात उष्णता तयार होते, म्हणून दाणे पहाटे आणि ऊन उतरल्यावर घालायचे. ही पथ्यं बहुतेकांना ठाऊक असतात. सावली कशाची हवी, याचा विचार मात्र फारसा होत नाही.

पत्र्याची सावली ही फसवी सावली आहे. पत्रा स्वतः तापतो आणि ती ऊब खाली सोडतो. खुराडं बुटकं असेल, आणि आपल्याकडे ते बहुधा बुटकंच असतं, तर कोंबडी उन्हातून सुटून तव्याखाली येते. शेडनेट बरं, पण काळं नेटही तापतंच. पानाचं तसं नाही. पान मुळांनी ओढलेलं पाणी वाफेच्या रूपानं सोडत राहतं, म्हणून भर उन्हातही ते पत्र्याइतकं तापू शकत नाही. बाभळीखाली बसलेल्या माणसाला जो फरक कळतो तो कोंबडीलाही कळतो. मोकळ्या सोडलेल्या कोंबड्या दुपारी खुराड्यात न जाता झाडाखालची माती उकरून त्यात अंग घालून बसतात, ते उगीच नाही.

जाणकार इथे एक खोच काढतील, आणि ती खरी आहे. दुधी, घोसाळी, दोडका यांची पानं मोठी असतात; ओल असली तरी ती भर दुपारी मलूल होऊन लोंबतात. म्हणजे सावली नेमकी गरजेच्या वेळी विरळ होते. त्यात मेच्या अखेरीस सूर्य वर्धा-नागपूरच्या थेट माथ्यावर येतो, त्यामुळे भिंतीच्या सावलीचा आधारही दुपारी नसतो. म्हणून नुसत्या वेलावर मी भिस्त ठेवत नाही. बांबूचा सांगाडा, त्यावर कापसाच्या पऱ्हाट्या किंवा तुराट्यांचा एक विरळ थर, आणि त्यावर वेल, अशी ही दुहेरी सावली लागते. मांडव पुरुषभर उंच हवा, चारही बाजू वाऱ्याला मोकळ्या हव्यात. बी जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत टोकलं तर एप्रिलपर्यंत मांडव भरतो. गुढीपाडव्याला आठवण झाली तर उशीर झालेला असतो. तोंडलीची फांदी लावली तर ही घाई दर वर्षी करावी लागत नाही, कारण तो वेल बहुवर्षायू आहे. फळाची आशा मात्र बेताची ठेवावी. कडक उन्हात भोपळवर्गीय वेलांना नर फुलंच जास्त येतात, आणि मादी फुलं आली तरी सगळी धरत नाहीत. या मांडवाचं पीक म्हणजे पान. दुधी मिळाला तर तो वरकड.

मला या मांडणीत सर्वांत पटणारी गोष्ट सावलीच्या पलीकडची आहे. दुधी-दोडक्याचा मोठा शत्रू फळमाशी. ती कोवळ्या फळाच्या सालीत अंडी घालते, अळ्या आतला गर खातात, फळ वाकडं होऊन सडतं आणि गळतं. मग अळी फळातून बाहेर पडून वेलाखालच्याच मातीत, बोटभर खोलीवर, कोषात जाते. तो कोष तांदळाच्या दाण्याएवढा, पिवळसर तपकिरी असतो. पुस्तकांत यावर सल्ला असतो की किडकी फळं गोळा करून नष्ट करा आणि वेलाखालची माती वरचेवर हलवत राहा. ही दोन्ही कामं कोंबडी बिनपगारी करते. गळलेलं फळ ती फोडते, अळ्या टिपते, आणि माती तर तिला उकरायचीच असते. शेजारच्या वाडीतली माशी उडून येणारच, म्हणून कामगंध सापळा टांगावा लागतो. पण आपल्याच मांडवाखाली पुढची पिढी तयार होण्याला चांगलाच आळा बसतो. त्यामुळे वेलावर कीटकनाशक फवारण्याचा मोह टळतो, आणि तो टळायलाच हवा, कारण फवारलेलं सगळं शेवटी खालच्या कोंबडीच्या पोटात जाणार.

कोंबडी आणि भाजी एकत्र नांदूच शकत नाहीत, हा सर्वांत जुना आक्षेप. जमिनीवरच्या भाजीपुरता तो शंभर टक्के बरोबर आहे. चवळीची रोपं, माठ, तांदुळजा यांच्या वाफ्यात कोंबडी शिरली तर अर्ध्या तासात काही उरत नाही. मांडवाची युक्ती म्हणूनच आहे: कोंबडी खाली, भाजी डोक्यावर. वेलाच्या बुडाशी गुडघाभर उंचीपर्यंत तारेची जाळी किंवा बाभळीच्या काट्या लावल्या की आळं वाचतं. वर झेप घेणाऱ्या कोंबडीची एका पंखाची टोकाची पिसं कापली की काम भागतं. पालेभाजीचे वाफे मांडवाच्या पूर्वेला, जाळीपलीकडे घ्यावेत. सूर्य पश्चिमेला कलला की मांडवाची सावली आपोआप त्यांच्यावर सरकते. विष्ठेबद्दलची धास्तीही रास्त आहे. कोंबडखतात नत्र साधारण ३ टक्के, शेणखतात अर्धा टक्का. ताजं कोंबडखत आळ्यात पडलं तर मुळं जळतात. शिवाय कच्च्या खतातून साल्मोनेला पालेभाजीवर येऊ शकतो. म्हणून मांडवाखाली पाचट किंवा वाळका पाला अंथरायचा, विष्ठा त्यात मुरू द्यायची, आणि तो थर काढून खड्ड्यात कुजवायचा. ते खत खरिपाला वापरायचं, चालू उन्हाळ्याच्या पालकाला नाही.

पाण्याचं काय, असं कोणी विचारलं तर प्रश्न गैर नाही. टँकरची वाट पाहणाऱ्या गावात मांडवाचा सल्ला देणं चेष्टाच ठरेल. पण हिशेब पाहावा. थंडीत पाव लिटरवर भागणारी कोंबडी मे महिन्यात अर्धा लिटर पिते, आणि पाणी गरम झालं की पीतच नाही, म्हणून ते दिवसातून दोन-तीनदा बदलावं लागतं. हे फेकायचं पाणी आणि भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी आळ्यात गेलं, वर आच्छादन असलं, तर दोन वेल बऱ्यापैकी तगतात. दहा वाफ्यांचा नाद सोडून दोन वेलांवर यायचं, हाच खरा त्याग आहे. पैशांचं म्हणाल तर मजुरी आणि विकतचं खाद्य धरलं तर घरची अंडी स्वस्त पडत नाहीत. तो दावा मी करत नाही.

ही सगळी मांडणी कोरड्या उन्हाची आहे. विदर्भात मांडवाच्या कडेनं गोणपाट भिजवून टांगला की हवा गार होते. रत्नागिरीत तेच केलं तर दमट हवा आणखी दमट होते, आणि दमट हवेत धापेतून पाणीच उडत नाही. तिकडे वाऱ्याला वाट देणं महत्त्वाचं. रोगाचा प्रश्नही मांडव सोडवत नाही. २००६ साली नवापूरला आणि २०२१ साली परभणीजवळच्या मुरुंब्याला बर्ड फ्लू सापडला, तेव्हा हजारो पक्षी मारावे लागले. मांडवावर पाखरं येणारच, म्हणून पाण्याचं भांडं त्यांना पोचणार नाही असं आत ठेवायचं. मानमोडीची लस मात्र ऊन चढायच्या आधी, फेब्रुवारीतच टोचून घ्यायची. मृग बरसला की हाच मांडव उलटा फिरतो: खाली चिखल, ओल्या पाचटात रक्ती हगवणीचे जंतू, वर मात्र वेल फळांनी लगडलेला. त्या आठवड्यात पाचट खड्ड्यात टाकून कोंबड्या कोरड्या जागी, पत्र्याखाली हलवाव्या लागतात. पावसाळ्यात पत्रा चांगलाच.