चाळीस किलोमीटर कमी

मनाली-लेह करून आल्यापासून लोक मला एकच प्रश्न विचारतात, "सर, पूर्ण रस्ता सायकलवर?" मी सांगतो, "नाही, चाळीस किलोमीटर कमी." समोरच्याचा चेहरा जरा पडतो. मग तोच माझी समजूत काढतो, "असू द्या सर, या वयात एवढं केलं तेही खूप झालं."

बाकी रस्त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले आहेत. मला लिहायचं आहे ते या चाळीस किलोमीटरबद्दल.

गेल्या सप्टेंबरात गणपतीच्या सुट्टीला जोडून रजा काढली आणि एका गटाबरोबर गेलो. आम्ही नऊ जण होतो. सोबत लाहौलचा एक तरुण गाईड, एक मेकॅनिक, एक स्वयंपाकी, सामानाचा ट्रक आणि मागून येणारी एक जीप. दमलेल्याला, आजारी पडलेल्याला उचलून घेणं हे त्या जीपचं काम. पहिल्याच संध्याकाळी गाईडने सांगितलं, "जीप में बैठना कोई शर्म की बात नहीं." आम्ही नऊच्या नऊ जणांनी मान डोलावली आणि प्रत्येकाने मनात ठरवलं, मी काही बसणार नाही.

पहिले दिवस छान गेले. २०२० साली अटल बोगदा सुरू झाल्यापासून मोठी वाहतूक डोंगराच्या पोटातून जाते, त्यामुळे रोहतांगचा जुना घाट सायकलवाल्यांना बराच मोकळा मिळतो. तिसऱ्या दिवशी तांदीला चंद्रा आणि भागा या दोन नद्यांचा संगम लागला. तिथून पुढे तिचं नाव चंद्रभागा. मी सोलापूर जिल्ह्यातला माणूस. चंद्रभागा म्हटलं की पंढरपूरचं वाळवंट डोळ्यांपुढे येतं, आणि इथे हिमाचलात करड्या रंगाची थंडगार चंद्रभागा खळाळत होती. हीच पुढे चिनाब होते. सोहनी जिच्यात बुडाली ती चिनाब. एकाच पाण्याचं एक नाव माझ्या मराठीच्या तासाचं, दुसरं उर्दूच्या तासाचं. मी बराच वेळ पुलावर थांबलो. गाईड लांबून शिट्टी मारत होता.

जिस्पा, झिंगझिंगबार करत पाचव्या दिवशी बारालाचा ला ओलांडला आणि सरचूला उतरलो. सरचू सुमारे ४,३०० मीटरवर आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही. डोकं ठणकत होतं, जेवण गेलं नव्हतं. सकाळी गाईडने प्रत्येकाला विचारलं, "सर में दर्द? उलटी? नींद आई?" मी म्हणालो, "एकदम फर्स्ट क्लास."

मी खोटं बोललो. वर्गात कुणी "सर, डोकं दुखतंय" म्हणालं की "बहाणे नकोत" हे माझं ठरलेलं उत्तर असतं. ते उत्तर मी स्वतःलाही देऊन टाकलं.

सरचूच्या पुढे गाटा लूप्स लागतात. एकवीस वळणं आणि साडेचारशे मीटरांहून जास्त चढ. वरच्या एका वळणावर पाण्याच्या बाटल्यांचा ढीग आहे. बंद पडलेल्या ट्रकपाशी एक क्लीनर एकटाच राहिला, मदत यायच्या आत तो तिथेच गेला आणि अजून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे पाणी मागतो, अशी गोष्ट ड्रायव्हर लोक सांगतात. म्हणून गाड्या थांबतात आणि बाटली ठेवून पुढे जातात. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण तहानलेल्याच्या नावाने पाणी ठेवणारी माणसं मला आपली वाटली. मीही बाटली ठेवायला वाकलो आणि तिथेच उलटी झाली.

तरी चढत राहिलो. नकी ला साधारण ४,७४० मीटरवर आहे. तिथे पोहोचलो तेव्हा गाईड माझीच वाट पाहत होता. त्याने बोटाला ऑक्सिमीटर लावला, आकडा ६८. मग रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्टीवरून टाचेला पंजा लावत चालायला सांगितलं. चाललो, तोल गेला नाही. त्याने सुटकेचा श्वास सोडला आणि म्हणाला, "सर, आप नीचे जाओगे. सरचू. अभी."

ठरल्याप्रमाणे त्या रात्रीचा मुक्काम व्हिस्की नाल्यावर होता. तो जवळपास तितक्याच उंचीवर आहे. डोकं दुखत असताना आणखी उंचावर झोपायचं नाही, हा डोंगरातला पहिला नियम. दुखणं वाढलं तर मेंदूला सूज येऊ शकते, फुप्फुसात पाणी होऊ शकतं. मग औषधापेक्षा खाली उतरणंच माणसाला वाचवतं. हे सगळं मी निघण्याआधी वाचलं होतं. तरीही मी हुज्जत घातली. "थोडा आराम करतो, चहा घेतो, गोळी घेतो." माझ्या निम्म्या वयाचा तो मुलगा शांतपणे ऐकत राहिला. एकीकडे माझी सायकल जीपच्या टपावर बांधतही होता. शेवटी म्हणाला, "सर, पहाड कल भी यहीं रहेगा."

जी एकवीस वळणं मी जीव काढून चढलो, ती जीपमध्ये बसून अर्ध्या तासात उतरलो. मान खाली घालून.

सरचूला तंबूत पडलो. ड्रायव्हरने सूप दिलं. दुपारी थोडं बरं वाटलं तेव्हा जोहरची नमाज बसूनच अदा केली. चार रकातऐवजी दोन. सलाम फेरला आणि तसाच बसून राहिलो.

कारण तेव्हा लक्षात आलं. मनाली सोडल्यापासून मी रोज कस्र नमाज पढत होतो. घरापासून साधारण ७७ किलोमीटरच्या पुढे जाणाऱ्या मुसाफिराला चारच्या दोन होतात. पायात चामडी मोजे होते. त्यांच्यावर मसह करायची मुदत घरी असणाऱ्याला एक दिवस, मुसाफिराला तीन दिवस. मी तीही घेत होतो. यात मला कधी लाज वाटली नव्हती. मुसाफिराला दिलेली ही सूट म्हणजे अल्लाहची देणगी आहे, ती घ्यावी, हे लहानपणापासून ऐकलेलं. फिकहमध्ये याला रुखसत म्हणतात. आपल्या मराठीत सवलत. तो शब्दही मुळात आपला सहूलतच. अल्लाहची सवलत मी दिवसातून तीनदा घेत होतो, आणि एका गाईडने दिलेली घ्यायला मला कमीपणा वाटत होता.

आणि मग अब्बा आठवले.

अब्बांनी आयुष्यभर सायकल चालवली, घर ते गिरणी आणि गिरणी ते घर. एवढ्या आयुष्यात एक रोजा सोडला नाही, याचा त्यांना अभिमान होता. २०१९चा रमजान मे महिन्यात आला. सोलापूरचं ऊन आणि चौदा तासांहून मोठा रोजा. अब्बा तेव्हा इन्शुलिनवर होते. डॉक्टरांनी नको सांगितलं. मशिदीच्या मौलानांनीही घरी येऊन समजावलं. सूरह बकरामध्ये जिथे रोजे फर्ज झाले, तिथेच आजारी माणसाला आणि मुसाफिराला सूट आहे. बरं होण्यासारखं दुखणं असेल तर नंतर भरून काढा, नसेल तर फिदया द्या, एका रोज्यामागे एका गरिबाचं जेवण. अब्बा म्हणाले, "फिदया कमजोर लोग देते."

अकराव्या रोज्याला असरनंतर ते अंगणात पडले. साखर एकदम खाली गेली होती. जीव वाचला, पण खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर ते सायकलवर बसले नाहीत, मशिदीलाही चालत गेले नाहीत. पुढच्या जानेवारीत गेले.

सगळे म्हणायचे, अब्बा हट्टी होते. पण त्या दहा दिवसांत मी काय करत होतो, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी भेटेल त्याला कौतुकाने सांगत होतो, "सदुसष्टाव्या वर्षी, इन्शुलिनवर, आणि सगळे रोजे!" मी एकदाही त्यांच्यासमोर बसून म्हणालो नाही की अब्बा, बस करा. त्यांचा हट्ट मला शोभेची वस्तू वाटत होता. नकी लावर त्या मुलाशी हुज्जत घालत होतो तो हट्ट कुठून आला, हे मला सरचूच्या तंबूत कळलं. त्या मुलाने जे माझ्यासाठी केलं, ते मी माझ्या बापासाठी केलं नव्हतं.

रात्री झोप लागली. सकाळी डोकं हलकं होतं, भूक लागली होती. ड्रायव्हरने सॅटेलाइट फोनवर गाईडशी बोलून जीप काढली. पुन्हा एकवीस वळणं, नकी ला, लाचुंग ला. तेवढे चाळीस किलोमीटर खिडकीतून पाहिले. झारखंडातून आलेले रस्त्यावरचे मजूर तोंडाला फडकं बांधून डांबर ओतत होते. सायकलवर असताना मी त्यांच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं. पांगला गट भेटला. गाईडने पुन्हा तेच प्रश्न विचारले. या वेळी मी खरी उत्तरं दिली.

पुढे मोरे मैदान सायकलवर केलं, ५,३०० मीटरांहून उंच टांगलांग लाही केला. दर शंभर पावलांना थांबलो, पण केला. लेहला पोहोचलो आणि मेन बाजारातल्या जामा मशिदीत अब्बांसाठी दुआ मागितली. माफीही मागितली.

घरी आल्यावर अम्मीला सगळं सांगितलं. जीपचं, तंबूचं, तिथे मनात आलेलं सगळं. अम्मीचे गुडघे गेलेत. दोन वर्षांपासून मी खुर्ची आणून ठेवली आहे, ती खुर्चीवर नमाज पढायला तयार नव्हती. तिने ऐकून घेतलं. बराच वेळ तस्बीह फिरवत राहिली. मग म्हणाली, "तेरे अब्बा कू बी कोई ऐसा नीचे लाना था रे."

मी काही बोललो नाही. मगरिबची अजान झाली. थोड्या वेळाने आतून फरशीवर खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

रमजान जवळ येतोय. आमच्या गल्लीत इन्शुलिनवर असलेले दोन बुजुर्ग आहेत. दोघांना मी पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे घेऊन जाणार आहे. रोजा झेपेल की नाही हे आधीच विचारून घ्यायचं. डॉक्टर नाही म्हणाले तर त्यांच्या घरी मी स्वतः जाऊन बसेन. हुज्जत घालतील. घालू देत.