अब्बांची चेतक

आमच्या नेहरूनगरच्या घरी जिन्याखाली अब्बांची चेतक स्कूटर अकरा वर्षे उभी होती. मरहूम अब्बा भोसरीच्या एका कारखान्यात टर्नर होते. नाव नोंदवून, वर्षानुवर्षे वाट पाहून १९८४ मध्ये ती घरी आली. स्कूटरसाठी लोक दहा-दहा वर्षे थांबत, हे वर्गात सांगितले की मुलांना ती आमची थाप वाटते.

गेल्या वर्षी ती दुरुस्त करायची ठरली आणि घरात दोन तट पडले. चाकणला नोकरी करणारा पुतण्या म्हणाला, "चाचा, चकाचक पेंट मारू, नवे क्रोम लावू आणि हॉलमध्ये ठेवू." अम्मी ताडकन म्हणाल्या, "हॉलमध्ये काय मय्यत ठेवायची आहे? चालत असेल तर ठेवा, नाहीतर भंगारात द्या."

आम्ही दोघे नवरा-बायको शिक्षक. आधी वाचून काढले. आकुर्डीला बजाजच्या कारखान्यात १९६० च्या दशकात इटलीच्या पियाजियो कंपनीच्या परवान्यावर व्हेस्पा बनत असे. १९७१ मध्ये परवाना संपला आणि तीच घडण चेतक या नावाने पुढे आली. चेतक म्हणजे महाराणा प्रतापांचा घोडा. (हळदीघाटीत प्रतापांच्या बाजूने हकीम खान सूर लढले, हेही पोरांना सांगायला हवे.) मूळ व्हेस्पाचे १९४६ चे आरेखन कोरादिनो दास्कानियो या विमान-अभियंत्याचे. त्याला मोटारसायकल आवडतच नसे: साखळीचे ग्रीस कपड्यांना लागते, पंक्चर झाले की चाक निघता निघत नाही. म्हणून त्याने इंजिन पत्र्याआड झाकले, गिअर हँडलवर आणले आणि पुढचे चाक विमानाच्या चाकासारखे एकाच बाजूने धरले.

अशा घरगुती गाडीचा शर्यतीशी काय संबंध, असे आम्हालाही वाटले होते. पण १९५१ मध्ये इटलीतल्या वारेसे इथे सहा दिवसांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, दगडधोंड्यांच्या, चढउतारांच्या वाटांवरची. तिथे मोठमोठ्या मोटारसायकलींच्या गर्दीत व्हेस्पाच्या चमूने नऊ सुवर्णपदके मिळवली. त्या स्पर्धेत नुसता वेग कामाचा नव्हता. रोज ठरल्या वेळेत पोहोचायचे आणि वाटेत काही बिघडले तर चालकाने स्वतःच दुरुस्त करायचे. आपल्याकडच्या पावसाळी स्कूटर रॅलीतही कसोटी चिखलाचीच. नाशिकचे शमीम खान आणि भोपाळचे सय्यद आसिफ अली यांनी त्याच चिखलात नाव कमावले.

हे वाचल्यावर पेंटचा विषय मागे पडला. गाडी आपल्या हाताने दुरुस्त होते की नाही, एवढेच पाहायचे ठरले.

काळेवाडीच्या उस्तादांनी आधी रबरी मॅट उचलली. पायाखालचा पत्रा चाळणी झाला होता. मोटारसायकलला वेगळी चेसिस असते. चेतकचा पत्रा हाच तिचा सांगाडा. तो कुजला तर वर कितीही रंग द्या, गाडी मध्येच वाकायची. कुदळवाडीच्या एका भंगारवाल्याने त्या जागेचा जुना पत्रा आमच्यासाठी बाजूला काढून ठेवला होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथली शेड्स पाडली गेली. तो कुठे गेला, कुणाला सांगता आले नाही. त्याचा फोन आजही बंद आहे. पत्रा कुठूनही मिळेल. पण या मॉडेलला तो बसतो आणि त्याला बसत नाही, हे डोळे मिटून सांगणारा माणूस आम्हाला पुन्हा भेटलेला नाही. शेवटी उस्तादांनी साधा पत्रा ठोकून आकार दिला. त्यात आठ दिवस गेले.

इंजिनाचे काम त्या मानाने लवकर उरकले: नवा पिस्टन, ऑइल सील, क्लच प्लेटा, केबलचा पूर्ण संच. कार्बनने तुंबलेला सायलेन्सर त्यांनी जाळून मोकळा केला. सगळा खर्च २१ हजार. नोंदणीही संपली होती. पंधरा वर्षांनंतर ती दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, त्यासाठी चार खेपा झाल्या.

पुतण्याचे एक म्हणणे मात्र खरे आहे. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारे हे इंजिन धूर करते. २०२० पासून विजेवरची चेतक मिळते. रोज शाळेला जायला तीच बरी. ही आम्ही जुम्म्यालाच काढतो. डाव्या डिकीला अब्बांच्या हातून पडलेला पोचा अम्मींनी काढू दिला नाही. रंगही जुनाच आहे.

गाडी ताब्यात देण्याआधी उस्तादांची एक अट होती: घरातल्या प्रत्येकाने त्यांच्यासमोर चाक काढून दाखवायचे आणि प्लग बदलायचा. पुतण्याने तोंड वाकडे करत दाखवले. अम्मींना माफी मिळाली. नववीतल्या आमच्या मुलीला प्लगला सात मिनिटे लागली. उस्तादांचा हिशेब दोन मिनिटांचा आहे. तिला पुढच्या रविवारी पुन्हा बोलावले आहे.