तीनच प्रदक्षिणा



आज स्वतःचीच एक चूक सांगायला बसले आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणींच्या मनगटावर आता ते पावलं मोजणारं घड्याळ आलंय, म्हणून सांगावंसं वाटलं.

मागच्या चैत्रात माझ्या रक्ताचा रिपोर्ट आला. तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१. डॉक्टर म्हणाले, "अजून मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहात. पाच-सहा किलो वजन उतरवा आणि रोज चाला." वजन तेव्हा ७२ किलो होतं. घरात लगेच दोन पक्ष पडले. जाऊबाई दीक्षितांच्या पक्षाच्या: दोनदाच जेवायचं, तेही ५५ मिनिटांच्या आत. नणंद दिवेकरांच्या पक्षाची: दर दोन तासांनी थोडं थोडं खा. मी दोघींचंही ऐकलं नाही. यजमानांनी वाढदिवसाला घड्याळ आणलं आणि मी त्याचं ऐकायला लागले.

पहाटे होम मैदानावर जायचे. तासभर चाललं की घड्याळ सांगायचं, २५० कॅलरी जळल्या. दुकानदाराची लेक मी, जमा-खर्च बघतच वाढले. स्वयंपाकघरात एक वहीच घातली. डाव्या बाजूला चालण्याची जमा, उजव्या बाजूला खाण्याचा खर्च. कडक भाकरी, वरण, बिनलसणाची शेंगाचटणी आणि तिच्यावरचं तेलसुद्धा चमच्याने मोजून. संध्याकाळी शिल्लक निघाली की मला वाटायचं, ही आपली कमाई. मग मूठभर शेंगदाणे नाहीतर एखादा लाडू. शिल्लक नसली की दिवस मावळायच्या आत गच्चीवर शंभर फेऱ्या आणि मग जेवण. पाहुणे आले तरी माझं लक्ष मनगटाकडे. सासूबाई काही सांगत असल्या तरी मी उभ्या उभ्या जागच्या जागी पाय हलवायची. त्या एकदा म्हणाल्या, "अगं, बस की जरा. तुझ्याकडे बघून मलाच दम लागतो."

घड्याळाचा पट्टा रबरी, चामड्याचा नाही, म्हणून मंदिरातही घालूनच जायचे.

दशलक्षण पर्वात उत्तम तपाच्या दिवशी मी उपवास केला होता. संध्याकाळी दर्शनाला गेले, तीन प्रदक्षिणा घातल्या आणि सवयीने घड्याळ पाहिलं. ९,४०० पावलं. दहा हजाराला सहाशे कमी. वेदीभोवतीची एक फेरी साधारण चाळीस पावलांची. मनातल्या मनात भागाकार केला आणि आणखी पंधरा फेऱ्या घातल्या. समोर भगवान, आणि मी आकडा मोजतेय.

कोपऱ्यात जप करत बसलेल्या एक आजी माझ्याकडे बघत होत्या. मी थांबल्यावर म्हणाल्या, "उपवासात एवढ्या प्रदक्षिणा! केवढा भाव गं पोरी तुझा." मी नुसती हसले. खरं सांगायला तोंड उघडलं नाही. पाठशाळेत चार कषाय पाठ केले होते, त्यातली माया म्हणजे काय ते त्या संध्याकाळी कळलं. पायऱ्या उतरताना डोळ्यांपुढे अंधारी आली, कठड्याला धरून उभी राहिले. तेवढ्यात मनगट थरथरलं. दहा हजार पूर्ण झाल्याबद्दल घड्याळ शाबासकी देत होतं.

एवढ्यानेही मी सुधारले नाही, हेही सांगते.

क्षमावाणीच्या दिवशी सासूबाईंनी शेंगापोळ्या केल्या होत्या. मुलगी नववीत आहे, तिचा सगळ्यात आवडता पदार्थ. तिने पोळी हातात घेतली, उलटून पाहिली आणि विचारलं, "आई, या एका पोळीला किती चालावं लागेल?" मी काही बोलायच्या आत तिने अर्धी मोडून परत डब्यात ठेवली. तिच्या अंगावर जास्तीचा एक किलो नाही. ती वही तिला कोणी वाचायला दिली नव्हती. ती ओट्यावर उघडीच असायची.

त्या दिवशी सगळ्यांना फोन करून उत्तम क्षमा म्हणून झालं होतं. शेवटी मुलीजवळ बसले आणि तिची खरी क्षमा मागितली. वही तिच्यादेखत बंद केली.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे गेले. एवढं करून वजन अर्धाच किलो उतरलं होतं. त्यांनी कागदावर हिशेब मांडून दाखवला. तासभर चालून २५० कॅलरी जळाल्या असं धरलं, तरी तेवढा वेळ मी नुसती बसून राहिले असते तर सत्तरेक कॅलरी शरीराने आपल्या आपण वापरल्याच असत्या. म्हणजे चालण्याच्या खऱ्या १८०. आणि मूठभर, ३० ग्रॅम शेंगदाण्यांच्या १७०. माझी सगळी 'कमाई' एका मुठीत संपत होती, आणि मी मात्र २५० जमा धरून खात होते.

घड्याळाचा आकडाही पक्का नसतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये मनगटावरची सात उपकरणं तपासली. नाडीचे ठोके बहुतेकांनी बरोबर मोजले, पण कॅलरीच्या बाबतीत सगळ्यात चांगलं उपकरणसुद्धा सरासरी २७ टक्के चुकलं, आणि सगळ्यात वाईट ९३ टक्के. आणि ते दहा हजार पावलांचं प्रकरण? १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलांचं मीटर'. त्या विक्रीच्या आकड्यासाठी मी वेदीभोवती फिरले!

चालणं वाया जात नाही. साखरेसाठी, हृदयासाठी, गुडघ्यांसाठी ते हवंच, असं डॉक्टरांनी बजावलं. फक्त त्याची खाण्याशी वटवावटवी करायची नाही.

हे ऐकताना मला आपलं अवमौदर्य आठवलं. सहा बाह्य तपांतलं दुसरं, भुकेपेक्षा थोडं कमी खाणं. शास्त्रात स्त्रीचा पूर्ण आहार २८ घास सांगितलाय आणि त्याहून एक घास कमी घेतला तरी ते अवमौदर्य होतं. म्हणजे मोजणं आपल्याकडेही आहे. पण तो एक घास सोडला की सोडला. तो संध्याकाळी लाडवाच्या रूपात परत मागायचा नसतो. फळावर डोळा ठेवून केलेल्या व्रताला आपण निदान म्हणतो आणि शल्यांमध्ये, म्हणजे आत सलणाऱ्या काट्यांमध्ये, त्याची गणती करतो. माझ्या पायात तो काटा चार महिने होता, आणि त्याच पायाने मी चालत होते.

आता काय करते? पहाटे जाऊबाईंबरोबर पाऊण तास चालते, गप्पा मारत. भाकरी दीड, ताटात भाजी आणि डाळ जास्त, शेवटच्या घासाला हात आवरायचा. शेंगदाणे चटणीपुरते. वजन महिन्यातून एकदा मंदिराजवळच्या दुकानातल्या काट्यावर. सहा महिन्यांत चार किलो उतरले, साखर ५.८ वर आली. अजून उंबरठ्यावरच आहे, पण एक पाऊल मागे.

घड्याळ कपाटात आहे. त्या आजी परवा मंदिरात भेटल्या, तेव्हा त्यांना खरं काय ते सांगितलं. त्या इतक्या हसल्या की जपमाळ हातातून सुटली. म्हणाल्या, "तीनच घाल गं बाई, पण त्याच्याकडे बघून घाल."

संक्रांतीला घरात पुन्हा शेंगापोळ्या झाल्या. लेकीने दोन खाल्ल्या, तुपाबरोबर. मी एक.