घडीतली पैठणी

पैठणीला माणसांपेक्षा कपाटाचीच सोबत जास्त. आजीची पैठणी अशीच राहिली. जांभळी, नारळी काठाची, पदरावर मोर. लग्नात नेसली, मग मलमलीत गुंडाळली गेली ती गेलीच. एवढी जपलेली, की तिच्यावर ना डाग, ना कसर लागल्याची खूण. आणि विरली कुठे, तर बरोबर घडीच्या रेषेवर.

त्यात नवल नाही. जुनी जर म्हणजे रेशमाच्या गाभ्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार, वर सोन्याचा मुलामा. तार ताठ, रेशीम नाजूक. वर्षानुवर्षं एकाच जागी दुमडली की दोघांतलं एक तुटतंच. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी साडी उलगडावी, घटकाभर सावलीत वारा द्यावा आणि घडी दुसरीकडे पाडावी. उन्हात मात्र नको. उन्हाने रेशीम पिवळं पडतं, कमजोर होतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत तर मुळीच नको. पावसाळ्यात आत दमटपणा कोंडतो आणि बुरशी धरते. डांबरगोळ्या जरीला टेकू देऊ नयेत. मला वेखंडाची पुरचुंडी बरी वाटते. तिचा वास आपल्या घरातला वाटतो, दवाखान्यातला नाही.

रेशीम हे केसांसारखंच प्रथिन. कपड्यांच्या पावडरीतला क्षार त्याला सोसत नाही. साधी, पक्क्या रंगाची रेशमी साडी गार पाण्यात रिठ्याने धुता येते, न पिळता. पैठणीवर असले प्रयोग नकोत. अत्तरही आधी अंगाला लावावं, ते वाळलं की मग साडी नेसावी.

इस्त्री उलट्या बाजूने करा, असं सगळेच सांगतात. पण पैठणीच्या पदराला उलटी बाजू असते कुठे? येवल्याचा विणकर रंगीत धागे हाताने एकमेकांत अडकवत मोर विणतो, म्हणून तो दोन्हीकडून जवळजवळ सारखाच दिसतो. तेव्हा वर सुती फडकं टाकून, बेताच्या गरम इस्त्रीने भागवावं.

आणि मुख्य म्हणजे पैठणी नेसावी. नातीच्या लग्नाची वाट कशाला? येत्या संक्रांतीला हळदीकुंकू आहेच. हळदीचा डाग पडलाच, तर घरी चोळू नका. साडी तशीच ड्रायक्लीनरकडे न्या आणि डाग कशाचा ते त्याला सांगा.