एकच मूळ प्रत

२००५ साली मी पूर्व किनाऱ्यावरील एका जिल्ह्यात जिल्हाधिकारी होतो. वृद्धापकाळ निवृत्तिवेतन घेणाऱ्यांची संपूर्ण जिल्ह्याची एकत्रित यादी तयार करावी, असे आदेश वरून आले होते. केंद्राचा वाटा तेव्हा दरमहा ७५ रुपये होता आणि राज्य त्यात आपली भर घालीत असे. रक्कम लहान होती, पण ज्यांना ती मिळे त्यांच्या घरात नियमितपणे येणारा तेवढाच पैसा असे. गटविकास अधिकाऱ्यांनी याद्या पाठवल्या त्या आपापल्या तऱ्हेने. कोणी आधी आडनाव लिहिले, कोणी वयाच्या रकान्यात जन्मवर्ष टाकले, एकाने तर नाव, गाव आणि खाते क्रमांक एकाच रकान्यात कोंबून बसवले होते. सगळे हाताने जुळवण्यास कार्यालयाने दीड महिना मागितला.

आमच्या संगणक कक्षात कंत्राटी नेमणुकीवर एक तरुण अभियंता होता. त्याने हे काम तीन दिवसांत करून आणले. मी कौतुक केले, तेव्हा तो संकोचून म्हणाला, "माझा वाटा थोडाच आहे, सर. एक्सेलची फाईल उलगडून वाचण्याचे अवघड काम एका जपानी गृहस्थाने आधीच करून ठेवले आहे. ते मी फक्त उतरवून घेतले."

कोठून उतरवले, हे त्याने मला दाखवले. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे. संगणकाने प्रथम विचारले, आपण कोणत्या खंडात आहात? मग कोणत्या देशातील साठ्यातून घेऊ? आशिया खंडाच्या यादीतून त्याने जपान निवडला होता आणि फोनची लाईन रात्री मोकळी असते म्हणून रात्री अकरानंतर काम उरकले होते.

प्रशासनात मुरलेल्या माणसाला जे प्रश्न पडतात, तेच मला पडले. परवानगी कोणाची घेतली? किंमत किती आणि ती कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकणार? उद्या काही बिघडले तर उत्तर कोण देणार? पहिल्या दोन प्रश्नांना त्याच्याकडे सरळ उत्तर होते: परवानगी लिहूनच दिलेली आहे, आणि किंमत काही नाही. तिसऱ्या प्रश्नावर तो म्हणाला, "सर, हे समजायला जरा वेळ लागेल."

मला तो वेळ पुढे बराच लागला. जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो, कारण संगणकाशी संबंध नसलेल्या अधिकाऱ्यालाही ते उपयोगी पडेल असे मला वाटते.

पर्ल ही संगणकाची भाषा लॅरी वॉल यांनी १९८७ साली प्रसिद्ध केली. ती वापरणाऱ्या लोकांनी आपापल्या गरजेपोटी छोटी छोटी साधने लिहिली आणि ती जगभरच्या विद्यापीठांच्या यंत्रांवर विखरून पडली. एकाने केलेले काम दुसऱ्याला ठाऊक नसे. हे सारे एका ठिकाणी गोळा करावे, ही चर्चा १९९३ पासून सुरू होती. छपाईसाठी टेक ही प्रणाली वापरणाऱ्यांनी आपला असा संग्रह आधीच उभारला होता, तो नमुना समोर होता. यार्क्को हिएतानिएमी यांनी फिनलंडच्या विद्यापीठ जाळ्यातील, म्हणजे फ्युनेटच्या यंत्रावर हा संग्रह रचला आणि १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर केला. त्याचे नाव सीपॅन. हिएतानिएमी स्वतःला या संग्रहाचा 'स्वयंनियुक्त मुख्य ग्रंथपाल' म्हणवीत. असे पदनाम आमच्या आस्थापना शाखेपुढे मांडले असते, तर ती फाईल अजून परत आली नसती.

संग्रहाची आवक शाखा निराळी आहे. तिचे नाव पॉज. ती जर्मनीत आंद्रेयास क्योनिग यांनी उभारली. ज्याला काही द्यायचे आहे त्याने तेथे नाव नोंदवायचे आणि आपली फाईल दाखल करायची. तेथून ती मूळ साठ्यात जाते आणि मूळ साठ्यातून जगभरच्या आरसा-साठ्यांत. आरसा म्हणजे मिरर, मुळाची तंतोतंत प्रत. कोठे विद्यापीठ, कोठे इंटरनेट सेवा देणारी संस्था, कोठे एखादा हौशी व्यवस्थापक, असे लोक आपल्या यंत्रावर जागा राखत आणि दररोज, काही जण दिवसातून अनेकदा, मूळ साठ्याशी आपली प्रत जुळवून घेत. आरसिंक नावाचे साधन त्यासाठी वापरत, जे फक्त बदललेला भाग आणते. ऐन भरात असताना अशा प्रती दोनशेहून अधिक ठिकाणी होत्या. करारनामा नाही, अनुदान नाही, निविदा तर नाहीच. ज्याला प्रत ठेवायची त्याने ठेवावी आणि यादीत नाव घालावे म्हणून कळवावे.

केवळ उत्साहावर कोणतीही संस्था दहा वर्षे चालत नाही, हे मी नोकरीत पुष्कळदा पाहिले आहे. म्हणून मी त्या अभियंत्याकडे नियमांची चौकशी केली, आणि येथे मला खरा आनंद झाला, कारण हे नियम एखाद्या जुन्या, हुशार अभिलेखपालाने घालावेत तसे होते.

पहिला नियम असा की एकदा दाखल झालेल्या फाईलचे नाव पुन्हा कधीही वापरता येत नाही, ती काढून टाकली तरीही. दुरुस्ती करायची तर नवा आवृत्ती-क्रमांक घेऊन नवी फाईल द्यायची. कारण उघड आहे. शेकडो ठिकाणी प्रती गेल्या असताना एकाच नावाचे दोन निरनिराळे दस्तऐवज निर्माण झाले, तर खरे कोणते हे कोणीच सांगू शकणार नाही. आवक-जावक नोंदवहीत क्रमांक खोडून त्यावर दुसरा कागद चढवणारे कारकून मी पाहिले आहेत. त्यातून उभे राहिलेले दिवाणी दावेही पाहिले आहेत. दुसरे असे की प्रत्येक लेखकाच्या कप्प्यात एक लहान तपास-फाईल असते. तीत प्रत्येक दस्तऐवजाची गणिती खूण नोंदवलेली असते. तिच्यावरून आपल्याकडची प्रत वाटेत बदलली की नाही हे कोणालाही घरबसल्या ताडता येते. आमच्या लाखेच्या मोहरेचेच हे काम, फक्त ही मोहर हुबेहूब बनवणे फार अवघड. मूळ साठ्यातील वेळेची नोंदही प्रतीबरोबर जाते, त्यामुळे कोणता आरसा किती शिळा आहे हे कळते. आणि लेखकाने आपली फाईल चालू संग्रहातून काढून घेतली, तरी बॅकपॅन नावाच्या जुन्या दप्तरात ती राहते.

या शेवटच्या गोष्टीचे मोल मला पुढे कळले. २०१६ च्या मार्चमध्ये जावास्क्रिप्ट भाषेच्या अशाच संग्रहातून एका लेखकाने रागाच्या भरात आपली सर्व कामे काढून घेतली. त्यांत लेफ्ट-पॅड नावाचा जेमतेम अकरा ओळींचा एक तुकडा होता. त्याच्यावर कळत-नकळत विसंबलेले असंख्य प्रकल्प त्या दिवशी अडून बसले. नंतर त्या संग्रहानेही फाईल मागे घेण्याचे नियम कडक केले.

आता माझ्या चुकीकडे येतो.

यादी तयार झाल्यावर त्याच अभियंत्याने एक पानाची टिपणी सादर केली. यादीची एक प्रत दररोज रात्री दोन्ही उपविभागीय कार्यालयांत जावी, आठवड्यातून एकदा शेजारच्या जिल्ह्याच्या संगणक कक्षात जावी, प्रत्येक प्रतीबरोबर तपास-खूण असावी, असा प्रस्ताव होता. सीपॅनचे नाव त्यात नव्हते, पण कल्पना कोठून आली हे मला दिसत होते. मी समासात लिहिले, "माहिती वैयक्तिक स्वरूपाची आहे. एकच मूळ प्रत मुख्यालयी राहील." खाली सही केली आणि फाईल परत पाठवली.

मी लिहिले ते अगदीच निराधार नव्हते. सीपॅनमधील साधने सर्वांनी घ्यावीत म्हणूनच लिहिलेली असतात, म्हाताऱ्या माणसांची खाती तशी नसतात. पण प्रत जनतेत वाटणे आणि प्रत तीन जबाबदार अधिकाऱ्यांच्या ताब्यात ठेवणे यांतला फरक मला कळत नव्हता असे नाही. खरे कारण निराळे होते. प्रत खाली गेली की उपविभागात कोणीतरी ती वाचणार, आपल्या चुका दाखवणार, यादी आपल्या एकट्याच्या हातात राहणार नाही, ही भीती होती. गोपनीयता हा शब्द आमच्या सेवेत किती वेळा या भीतीवर पांघरूण घालतो, याचा हिशेब कोणी केलेला नाही.

पुढच्या पावसाळ्यात एका रात्री वीज पडून विजेचा दाब उसळला. संगणक कक्षातील सर्व्हर जळाला. रोजची प्रत ज्या टेपवर घेतली जाई ती त्याच खोलीतल्या कपाटात होती आणि छताच्या गळतीने भिजली होती. गटांकडे मूळ एक्सेल फाईली होत्या, पण वर्षभरात झालेल्या दुरुस्त्या, मयतांची वगळणी, नवी मंजुरी हे सारे मुख्यालयातच नोंदवले गेले होते. यादी पुन्हा उभी करेपर्यंत दोन महिने वाटप थांबले. त्या दोन महिन्यांत दर सोमवारी एक म्हातारी बाई, हातात प्लास्टिकच्या पिशवीत पासबुक घेऊन, माझ्या दालनाबाहेर बसलेली असे. तिला कोणी सांगितले होते की साहेबांच्या यंत्रात पैसे अडकले आहेत. ते तसे खरेच होते. पैसे सुरू झाल्याच्या सोमवारी ती आली नाही. तिच्या गावच्या सरपंचाकडे चौकशी केली, तेव्हा ती पंधरवड्यापूर्वी वारल्याचे कळले. आजाराने गेली असे तो म्हणाला, आणि मी त्याला पुढे काही विचारले नाही.

कोणीही माझ्यावर ठपका ठेवला नाही. नैसर्गिक आपत्ती असा शेरा पडून प्रकरण बंद झाले. त्या अभियंत्याने आपल्या टिपणीची मला एकदाही आठवण करून दिली नाही. त्याचे कंत्राट संपल्यावर तो गेला, आणि त्याने लिहिलेली यंत्रणा चालवणारा कोणी मागे राहिला नाही. पदभार सोपवण्याचा छापील नमुना आमच्याकडे आहे. त्यात खुर्च्या आणि पंखे मोजलेले असतात. कोणत्या कामाची किल्ली कोणाकडे गेली, यासाठी त्यात रकाना नाही.

सीपॅनमध्ये तो रकाना आहे. प्रत्येक नावावर हक्क पहिल्या नोंदणी करणाऱ्याचा. तो सहकाऱ्यांना वाटा देऊ शकतो, पूर्ण हक्क सोपवू शकतो, किंवा हे काम दत्तक देणे आहे अशी खूण लावून ठेवू शकतो. लेखक बेपत्ता झाला, तर इच्छुकाने त्याच्याशी संपर्काचा प्रामाणिक प्रयत्न केल्याचे दाखवावे लागते आणि मगच पॉजचे व्यवस्थापक हक्क बदलतात. सातबारावरील फेरफारासारखीच ही पद्धत, तलाठ्यामागे न हिंडता. आमच्या यादीसाठी वापरलेल्या त्या साधनाचे नाव स्प्रेडशीट-पार्सएक्सेल. मूळ लेखक कावाई ताकानोरी. त्यांच्यानंतर ते गाबोर साबो यांनी सांभाळले, मग जॉन मॅकनामारा यांनी, मग डग्लस विल्सन यांनी. कोणत्या आवृत्तीपासून कोणत्या आवृत्तीपर्यंत कोण जबाबदार होता, हे त्या साधनाबरोबरच्या माहितीपत्रकात ओळीने लिहिलेले आहे. चौघेही बिनपगारी.

हे चित्र मी उगाच रंगवून सांगत नाही. संग्रहात येणाऱ्या कामाची आधी कोणी तपासणी करीत नाही. १९९८ पासून स्वयंसेवक परीक्षक नव्या फाईली आपापल्या यंत्रांवर चालवून निकाल जाहीर करतात, पण ते काम चालते की नाही एवढेच पाहतात. डिसेंबर २०२३ मध्ये याच स्प्रेडशीट-पार्सएक्सेलच्या ०.६५ आवृत्तीत गंभीर दोष आढळला. मुद्दाम तयार केलेली एक्सेल फाईल त्याला वाचायला दिली की परक्याची आज्ञा यंत्रावर चालवता येई. ईमेलच्या सुरक्षेची महागडी उपकरणे विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीने हे फुकटचे साधन आपल्या उपकरणात बसवले होते, आणि हल्लेखोर तेथूनच आत शिरले. त्याच महिन्याच्या अखेरीस दुरुस्त आवृत्ती, ०.६६, संग्रहात आली. बिघडले तर उत्तर कोण देणार, हा माझा २००५ मधला प्रश्न चुकीचा नव्हता. तो त्या चौघा स्वयंसेवकांना विचारण्याऐवजी त्यांच्या कामावर व्यवसाय करणाऱ्यांना आणि माझ्यासारख्या वापरणाऱ्यांना विचारायला हवा होता, इतकेच.

आज त्या आरशांचे पूर्वीचे महत्त्व राहिलेले नाही. सीपॅनच्या मुख्य पत्त्यावरून मागितलेली फाईल आता एका कंपनीच्या वितरण-जाळ्यातून येते. ती सेवा वेगवान आहे. शेकडो परक्या माणसांनी आपापल्या तळघरात एकच संग्रह सांभाळण्यात जी निश्चिंती होती, ती त्यात आहे की नाही, याविषयी मला शंका आहे. त्या काळातला शोधाचा मुख्य पत्ता ग्रॅहॅम बार यांनी उभारला होता. तो २०१८ च्या जूनमध्ये बंद झाला, तेव्हा जुने दुवे मेटासीपॅन या नव्या स्थळाकडे वळवले गेले, त्यामुळे जुन्या पुस्तकांत छापलेले पत्ते निरुपयोगी झाले नाहीत. आमच्या खात्यांची संकेतस्थळे कंत्राटदाराबरोबर बदलतात तेव्हा जुन्या पत्त्यांचे काय होते, हे वाचकांना सांगायला नको.

निवृत्तीनंतर त्या अभियंत्याचा फोन नंबर मी शोधून काढला. तो आता दक्षिणेत एका बँकेच्या संगणक विभागात आहे. बोलता बोलता त्याने सांगितले की त्याचेही एक लहानसे साधन बरीच वर्षे सीपॅनवर होते, खेड्यांच्या नावांची निरनिराळी स्पेलिंगे जुळवणारे. हल्ली वेळ मिळत नाही, म्हणून गेल्या वर्षी त्याने ते पोलंडमधल्या एका मुलीकडे सोपवले. दोघांची कधी भेट झालेली नाही.

"पदभार कसा दिलास?" मी विचारले.

"एक पानाचा अर्ज असतो, सर. तिचे नाव लिहिले आणि बटण दाबले. नंतर तिला एक मोठे पत्र लिहिले, कोणत्या गोष्टी मी अर्धवट सोडल्या आहेत त्याचे."

मी त्याला त्याच्या त्या जुन्या टिपणीबद्दल विचारले, त्याच्याकडे तिची प्रत आहे का म्हणून. तो म्हणाला, "नाही सर, ती फाईलमध्येच राहिली."